फुलांसाठी पाडलेलं भोक

सासूबाई, आक्काबाई, यायच्या आत ममताने उतरंड माळ्यावर चढवली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. उतरंड म्हणजे मडक्यांची नव्हे. खाली पितळी डेचकं, त्यावर चहाची जुनी किटली, त्यावर कल्हई उडालेला गंज, सगळ्यांच्या बुडातून आरपार गेलेली एक लोखंडी सळई आणि प्रत्येक काठावरून ओसंडणारी धाग्याची फुलं. तिचा दीर ललित राखोलीच्या कंपनीतून रंगीत धाग्याचे टाकाऊ गुंते आणून द्यायचा. त्यातून ममता शेवंती वळायची, गुलबाक्षी वळायची. सिल्वासातल्या मॅनेजर लोकांच्या बायकांना या वस्तूंचं भारी वेड लागलं होतं. त्यांच्या आयांनी जी भांडी नाकं मुरडून मोडीत घातली, तीच या बायका आता फुलं खोचून दिवाणखान्यात मांडत होत्या. त्यांपैकी वर्षामॅडमना उतरंडीत चार भांडी हवी होती. माळ्यावर तीनच गेली.

चौथं ओट्याखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. ममता सकाळपासून त्या टॉवेलाकडे पाहत नव्हती, म्हणजे दुसरं काहीच करत नव्हती.

झालं होतं ते असं. गुरुवारी ती कारभारीच्या भंगार दुकानात गेली. तिथल्या ढिगातून तिने एक काळाठिक्कर लोटा उचलला. तांब्याचा आहे एवढंच नखाने खरवडून कळलं. घरी आणला आणि नेहमीप्रमाणे आधी ड्रिल काढलं. तिच्या कामाची रीतच तशी होती, आधी भोक, मग घासणं. घासून चकचकीत केलेल्या भांड्यात भोक पाडलं की कीस उडून पृष्ठभागावर ओरखडे उठतात. ड्रिल विकीचं. तिचा नवरा कंपनीत फिटर होता, गेल्या वर्षी ज्येष्ठात खानवेलच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. त्याच्या कपड्यांचं गाठोडं तिने देऊन टाकलं, ड्रिल ठेवलं. तिच्या मुलीने, सायलीने, लोटा दोन्ही हातांनी धरला, ममताने बुडाच्या मधोमध भोक पाडलं, आणि मग चिंच-मिठाने घासायला बसली. काळं उतरत गेलं. आधी टिंबांची चंद्रकोर दिसली. तिच्याखाली ठोकून काढलेली वेडीवाकडी अक्षरं दिसली. वाळू.

वाळू तिचे दिवंगत सासरे. जळगावाकडून सिल्वासाला येताना त्यांनी डोक्यावर जे गाठोडं आणलं, त्यात कुलदेवी कानबाईचा हा कलश होता. श्रावणातल्या त्या एका रविवारी याच कलशावर नारळ बसायचा, नारळाला डोळे लागायचे, नथ लागायची, आणि ती घरची कानबाई व्हायची. ममताने तो कलश इतकी वर्षं पाहिला तो साडी नेसलेला, फुलांत बुडालेला. उघडा, काळा, भंगारात पडलेला तिने कधी पाहिलाच नव्हता. तिला ओळखू आला नाही याचं नवल नव्हतं. पण त्या क्षणी तिला स्वतःला हे कारण पटलं नाही.

"आई, आजीला फोन करू या," सायली म्हणाली. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि जगातली प्रत्येक गोष्ट फोन करून मिटते असं तिला वाटायचं.

"थांब. मी सांगते नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"सायली, थांब म्हटलं ना!"

भोक बुजवायला तिने प्लंबर लोक वापरतात ती मळून लावायची पुट्टी आणली. आतून लावली, बाहेरून तांब्याचा रंग दिला. ओल्या धातूवर ती पुट्टी धरत नाही, हे ममताइतकं कुणाला माहीत असणार? पण आठवडाभर पाऊस हटत नव्हता, दोरीवरची चोळीसुद्धा वाळत नव्हती, आणि गहू मोजायचा शनिवार दाराशी आला होता. तिने लोट्यात पाणी भरून पाहिलं. थोडा वेळ थांबली. गळलं नाही. तिने स्वतःला सांगितलं, झालं.

शनिवारी दुपारी सगळी मंडळी आली. ललित आणि त्याची बायको कावेरी, त्यांच्यासोबत आक्काबाई. विकी गेल्यावर आक्काबाईंना सिल्वासातल्या डोकमर्डीच्या या घरात झोप येईना, म्हणून त्या राखोलीला धाकट्याकडे राहत होत्या. पण कानबाई मात्र थोरल्याच्या घरीच बसायची, वाळूंनीच तसं ठरवून दिलेलं. जळगावाहून रात्रभर बसने प्रवास करून पुतळाबाई आल्या होत्या, वाळूच्या बहीण. त्यांना सगळे फुई म्हणत. कावेरीला पाचवा महिना होता, आणि ही तिची सासरची पहिलीच कानबाई. गेल्या वर्षी सुतकामुळे देवी बसली नव्हती.

"केवढी फुलं केली व!" आक्काबाई चौरंगाकडे पाहून म्हणाल्या. चौरंगाभोवती ममताने केळीचे खुंट बांधले होते, मागे धाग्याच्या शेवंतीची भिंत उभी केली होती, आणि दोन बाजूंना जुन्या कंदिलांच्या काचेत झेंडू भरला होता. "विकी असता तं नाचला असता."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ममतालाही रडू आलं, आणि त्या रडण्याच्या आड तिला क्षणभर सुरक्षित वाटलं.

फुईंनी शेवंतीचं एक फूल चिमटीत धरून पाहिलं. "हे धाग्याचे फुलं देवीले चालते का?"

"खरी पण आहेत, फुई. ही नुसती मागे."

"मागे काय आन् पुढे काय. भंगाराचं घर करून ठेवलं तुनं." एवढं बोलून फुईंनी पाय पसरले आणि चहा मागितला.

खरं बोलणं निघायचं होतं ते वेगळंच. कानबाईचे रोट म्हणजे आदल्या दिवशी दळलेल्या गव्हाच्या पुरणपोळ्या नि पुऱ्या. ते गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घ्यायचे, आणि तो रोट फक्त घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला त्यातला तुकडाही जात नाही. ज्याची मूठ, तो घरातला. पूर्वी वाळूची, विकीची, ललितची अशा मुठी पडायच्या. आता उरली एकट्या ललितची. ममताच्या बाजूने मूठच नाही, म्हणजे ममता आणि सायली दोघी रोट खाणार त्या कुणाच्या नावाने? ललितच्या दयेने? महिनाभर ममता या एकाच गोष्टीच्या मागे लागली होती. सायलीच्या नावाने सव्वा मूठ घ्या. विकीचं घर मोडलं नाही एवढं तरी देवीपुढे कळू द्या.

"पोरीची मूठ कुठं असते का?" फुईंनीच सुरुवात केली. "उद्या ती दुसऱ्याच्या घरी जाईल. तिची मूठ काय बरोबर नेईल?"

"जाईल तेव्हा जाईल," ममता म्हणाली. "आज तर इथेच आहे ना?"

"माही कोनी घेतली व्हती मूठ? याच घरात जन्मले. लग्न झालं तसा रोटाचा घास गेला माह्या तोंडचा. उद्या तुम्ही खासाल आन् मी त्या दारात बसून चहा पिईन. मी काही बोलले का कधी?"

या बोलण्यातला कडवटपणा सगळ्यांना कळला.

"फुई, पण माझ्या पोटात मुलगी असली तर?" कावेरी हळू आवाजात म्हणाली. तिचं माहेर नाशिकजवळचं, तिकडे कानबाई नाही, आणि या घरात बोलावं की नाही हे तिला अजून उमगत नव्हतं. "तिचीही नाही घ्यायची का? ताई म्हणतात ते मला बरोबर वाटतं."

ममताने तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी आपल्या बाजूने उभी राहील असं तिला कधी वाटलं नव्हतं. ललितने बायकोकडे डोळे वटारले, मग आईकडे पाहून खांदे उडवले. "मला कंपनीत टेन्शन काय कमी आहे? तुम्ही बायका ठरवा. माझी काही ना नाही."

"कलश मांडू, मंग पाहू," आक्काबाई म्हणाल्या. "ललित, ते पोतं सोड."

विकी गेला तेव्हा कलश इतर जुन्या भांड्यांसोबत पोत्यात बांधला होता, आणि ते पोतं आक्काबाईंबरोबर राखोलीला गेलं होतं. ललितने गाठ सोडली. आतून स्टीलची ताटं निघाली, पराती निघाल्या, प्लास्टिकचा एक डबा निघाला.

"हे पोतं नाही," आक्काबाई म्हणाल्या. "तांब्या-पितळाचं कुठं हाये?"

कावेरीचा चेहरा उतरला. "आई... तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा... माळ्यावर ते काळं सगळं... मी भंगारवाल्याला दिलं. हे घेतलं बदल्यात."

"काय देलं?"

"मला वाटलं जुनी भांडी आहेत. मला कुणी सांगितलंच नव्हतं हो!"

"माही कानबाई भंगारात देली?" आक्काबाई उठल्या, पुन्हा बसल्या. ललित बायकोवर ओरडायला लागला, फुईंनी कपाळावर हात मारून घेतला. आणि ममता ओट्याशी गेली. तिचे पाय आपोआप गेले असं ती नंतर मनाशी म्हणणार होती, पण ते खरं नव्हतं. ती दोन दिवस याच घटकेची वाट पाहत होती.

"आई, रडू नका. हा बघा."

टॉवेल सुटला. कलश लखलखत होता. आक्काबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"कारभारीच्या दुकानात सापडला," ममता म्हणाली. "परवा. मी घेऊन आले."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

आक्काबाईंनी कलश छातीशी धरला आणि त्या मोठ्याने रडल्या, विकीच्या वेळी रडल्या होत्या तशा. "कानबाई आपल्या पायानं चालत तुह्याकडे आली व, ममता. एवढी भांडी आनते तू, त्यात हाच कसा घावला? माह्या विकीचं घर तिनं सोडलं नाही." मग त्यांनी डोळे पुसले आणि नणंदेकडे वळून म्हणाल्या, "सायलीची मूठ घ्यायची. आता कोनी काही बोलू नका."

ललितने मान हलवली. कावेरी मात्र रडता रडता ममताजवळ आली आणि तिने तिचा हात घट्ट धरला. "ताई, तुम्ही नसत्या तर मी काय केलं असतं?" ममताने हात सोडवून घेतला आणि गहू निवडायच्या निमित्ताने सूप पुढे ओढलं. सायली खिडकीशी उभी होती. तिने आईकडे एकदाच पाहिलं. तिला वाटलं, आता आई सांगेल. कलश सापडला, सगळे खूश आहेत, आता सांगायला काय हरकत आहे? ममताला तिची नजर कळत होती. तिने वर मान केली नाही.

पाटावर परात ठेवली, परातीत गव्हाची रास. आक्काबाईंनी कलश राशीवर ठेवून पाण्याने भरला, सुपारी सोडली, आंब्याची पानं लावली. मग पदर सावरून, गव्हाची पिशवी जवळ ओढून मुठी घ्यायला बसल्या. "ललित वाळू," म्हणून एक भरलेली मूठ कलशाच्या पायाशी ओतली, आणि वर पाव मूठ. मग त्या थांबल्या. या घरात हे कधी कुणी उच्चारलं नव्हतं. "सायली विकी," त्या म्हणाल्या आणि मूठ सोडली. गहू परातीत पडल्याचा आवाज ममताने ऐकला. तिला इतकं भरून आलं की खोटं काय नि खरं काय हे क्षणभर ती विसरूनच गेली. विकीचं घर आहे. अजून आहे. त्याचं नाव देवीपुढे घेतलं गेलं.

ललित गहू घरघंटीत टाकायला उठला. त्याने परातीत हात घातला आणि तसाच थांबला.

"आई, गहू ओले आहेत."

"पानी सांडलं असेल."

"सांडलं नाही. खालून ओलं आहे. बघ ना, पूर्ण ओलं."

फुई पुढे सरकल्या. त्यांनी राशीत बोटं खुपसली आणि वर काढली तेव्हा बोटांना ओला कोंडा चिकटला होता. कलशातलं पाणी पानांच्या देठांखाली गेलं होतं. देवीपुढे मोजलेले गहू ओले झाले की ते दळता येत नाहीत. रोटाचे गहू बदलता येत नाहीत. असं या घरात कधीच झालं नव्हतं.

"पाझरली," फुई कुजबुजल्या. "कानबाई रडली. भंगारात टाकली तिले, ते ती कशी सहन करील?" त्यांनी कावेरीकडे पाहिलं. "हिचा हात लागला. पोटुशी बाई, आन् देवीले घराबाहेर काढली. आक्का, हिले आज इथं बसू देऊ नको. माहेरी धाड. मोकळी होईपर्यंत तिकडंच राहू दे, नाही तं लेकराले काही होईल."

"फुई, काहीही काय बोलता?" ललित म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तोही त्या ओल्या गव्हाकडेच पाहत होता.

"मी मुद्दाम नाही केलं," कावेरी म्हणाली. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. "आई, मी मुद्दाम नाही हो केलं. ताई, तुम्ही सांगा ना यांना."

ममताला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याबरोबर आत्ताच पडलेली मूठ जाणार होती. तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं ते असं, "कावेरी, तू जरा आत जाऊन पड. शांत हो."

आक्काबाईंनी डोळे मिटले. "उद्या सकाळच्या गाडीनं हिले नाशिकले सोडून ये, ललित."

"आजी, कलशाला भोक आहे."

सायली खिडकीशीच उभी होती. आवाज चढवून नाही बोलली. "आईने पाडलं. गुरुवारी. मी धरला होता लोटा. आम्हाला माहीत नव्हतं कुणाचा आहे ते, घासल्यावर नाव दिसलं. मग आईने पुट्टी लावून बुजवलं. देवी रडली नाही, पुट्टी निघाली. काकूला कुठे पाठवू नका."

आक्काबाईंनी कलश उचलला, पाणी मोरीत ओतलं आणि उलटा करून दारातल्या उजेडात धरला. पुट्टीचा तुकडा अर्धा सुटून लोंबत होता. त्यांनी तो नखाने काढला. भोकातून त्यांनी बाहेर पाहिलं नाही, नुसता अंगठा त्यावर ठेवला.

"हे कशाले पाडलं?"

"फुलांसाठी," ममता म्हणाली. "सळई घालायला. आई, मला ओळखू आला नाही. खरंच."

"ते मी मानते. काळं भांडं, तुले काय माहीत. कावेरीलेही माहीत नव्हतं." आक्काबाईंचा आवाज अगदी सपाट होता, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पन माह्या हातानं तू फुटक्या कलशात पानी भरायला लावलं. आन् हिले घराबाहेर काढत व्हतो तं तू म्हने, आत जाऊन पड."

"मी सायलीसाठी..."

"मले माहीत हाये कोनासाठी."

आक्काबाईंनी लाल कापडात गुंडाळलेला नारळ पिशवीतून काढून पाहिला, पुन्हा पिशवीत ठेवला. "ललित, रिक्षा पाहा. कानबाई राखोलीले बसंल. स्टीलच्या तांब्यावर बसंल. मुठी तिथं नव्यानं घेईन."

"आई, इथे सगळं मांडलंय," ललित चाचरत म्हणाला.

"रिक्षा पाहा."

कावेरी उठली. जाताना तिने ममताकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर ममताने तो सहन केला असता. तिथे नुसतं न समजणं होतं. फुई चपला शोधत होत्या.

दारात आक्काबाई मागे वळल्या. कोरड्या गव्हाच्या पिशवीत त्यांनी हात घातला. एक भरलेली मूठ आणि वर पाव मूठ, त्यांनी ममताचा पदर धरून त्यात ओतली.

"पोरीचं नाव देवीपुढं घेतलं, ते मी मागं घेनार नाही," त्या म्हणाल्या. "तिची मूठ हाये. पन ती आमच्या रोटात नाही. हे गहू वेगळे दळजा. आजपासून तुमचं घर वेगळं."

रिक्षा गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा आवाज येत राहिला. चौरंग रिकामा होता, त्यामागे फुलांची भिंत. ममता दारात उभी राहिली, पदराची झोळी दोन्ही हातांत धरून. तिने जे मागितलं होतं ते तिच्याकडे होतं, एक दाणाही कमी नव्हता.

"सायली," तिने हाक मारली. "घरघंटी लाव."

सायलीने घरघंटी पुसली, लावली. दोघींनी ते एवढेसे गहू दळले. त्या घरात आता रोट खाणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक दुसऱ्याकडे बघत नव्हतं.